चोवीसचा कटआऊट

मार्गशीर्षात पाऊस पडतो आणि तोही असा, हे त्या वर्षी सगळ्या शिवारानं पाहिलं. कारखान्यांचं गाळप भरात आलेलं, रानोरान तोड लागलेली आणि आभाळ जे गळायला लागलं ते थांबेचना. बैलगाडीची वाट राहिली नाही की ट्रॅक्टरची. भरलेल्या ट्रॉल्या रानातच बसल्या. चाकं आसापर्यंत रुतली. तोडणीवाले पाचटाच्या ढिगाला पाठ लावून, डोक्यावर खताच्या पोत्यांची कागदं घेऊन बसले आणि तोडलेल्या उसाचं वजन तासातासानं घटत चाललं.

अशा वेळी हातकणंगल्यापासून वारणेच्या पट्ट्यापर्यंत सगळ्यांना हंबीररावांची आठवण व्हायची. त्यांच्याकडं लष्करातनं लिलावात निघालेला एक मोठा ट्रक होता. माणसाच्या छातीला लागतील एवढी त्याची चाकं, सगळ्या चाकांना इंजिनाची ताकद आणि पुढच्या बाजूला पोलादी दोराचं विंच. हिरवा रंग पोपडे धरून उडाला होता. लोक त्याला रणगाडा म्हणायचे. रुतलेली ट्रॉली कितीही भरलेली असो, रणगाडा दोर लावायचा आणि म्हशीचं रेडकू ओढावं तशी ती रस्त्यावर आणून उभी करायचा.

ऐन पावसात त्या रणगाड्याचा आल्टरनेटर जळाला. बॅटऱ्या उतरल्या. सयाजीनं, म्हणजे हंबीररावांच्या ड्रायव्हरनं, गाडी एका ट्रॅक्टरला बांधून फाट्यावर आणली आणि जोतीराम मिस्त्रींच्या पत्र्याच्या दुकानापुढं उभी केली.

जोतीराम मिस्त्री म्हणजे त्या भागातलं जुनं नाव. गाडीच्या विजेचं काम कुठं अडलं, की माणसं म्हणायची, जोतीराम मिस्त्रीला दाखवा. इंजिनाचा आवाज ऐकून कुठली वायर कुठं उघडी पडलीय ते सांगणारा माणूस. गेली दोन वर्षं मात्र दुकानात हात चालायचे ते त्यांच्या बायकोचे, संयोगिताचे. मिस्त्री खुर्चीत बसून सांगायचे आणि ती करायची. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "खांदा धरलाय त्यांचा. हात वर हुईना."

खांद्याला काही झालं नव्हतं. मागच्या दिवाळीत मिस्त्री लेकीला, तेजस्वीला, आणायला हातकणंगल्याच्या स्टेशनवर गेले आणि एक बेअरिंग विकत घेऊन परत आले. तेजस्वी फलाटावर बसून राहिली. एकदा त्यांनी हॉर्नची वायर वायपरला जोडली. एकदा तळहातावर स्क्रू घेऊन चहा गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत नुसते बसून राहिले, हा स्क्रू कुठला आणि आपण तो कशाला उचलला हे आठवत. संयोगिता मागनं जायची आणि मोडलेलं नीट करायची. तेजस्वी म्हणाली होती, "आई, कोल्हापुरात दाखवूया." संयोगिता म्हणाली, "वय झालं की हुतंय." मिस्त्रींना अजून साठी लागायची होती.

हंबीरराव छत्री मिटत दुकानात आले. अंगानं दणकट माणूस, बोलणंही तसंच.

"मिस्त्री, ह्या गाडीचा आल्टरनेटर आता मिळत न्हाय. लष्कराची भानगड, सगळं चोवीस व्होल्टचं. बल्ब गेला तर पुण्याला माणूस धाडाय लागतंय. एकदा बाराची करून टाका. ट्रॅक्टरचा आल्टरनेटर बसवा, म्हंजी उद्या काय गेलं तर फाट्यावर मिळंल. सेल्फ बाराचा मी मिळवलाय, मेकॅनिकनं बसवूनबी दिलाय."

"हुईल की," मिस्त्री म्हणाले. "असल्या गाड्या किती केल्यात मी. लाकडाच्या वखारीवाल्यांच्या सगळ्या मीच केल्यात."

हे खरं होतं. संयोगितानं स्वतः पाहिलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा त्यांनीच तिला सोप्यात बसवून आर्मेचरचं वाइंडिंग, म्हणजे मोटारीच्या गाभ्यावर तारेचे वेढे भरायचं काम, शिकवलं. तांब्याची बारीक तार बोटाला कापायची. ते म्हणायचे, "घाई करू नगंस. तारंला राग येतोय घाईचा." एवढ्या हळू आवाजात तिला तोवर कुणी काही शिकवलं नव्हतं.

"परवा दुपारपतोर द्या," हंबीरराव म्हणाले. "माणसं माझ्या दारात बसल्यात. कारखाना तोडीची पाळी बदलंल."

काम सुरू झालं. पाऊस पत्र्यावर ताशासारखा वाजत होता. दुकानापुढं चिखल, त्यात एक फळी टाकून संयोगिता त्यावर पाठीवर झोपली आणि गाडीखाली सरकली. लुगड्याचा ओचा खोचलेला, वरून मिस्त्रींचा जुना शर्ट. चासीवरनं पाण्याचे थेंब सरळ डोळ्यांत पडायचे. जुनी जाड वायर गंजलेल्या पट्ट्यांत घट्ट बसलेली, ती काढताना बोटांची सालं निघाली. दोन बॅटऱ्या आधी एकीच्या मागं एक अशा जोडलेल्या होत्या, दोन्हींची ताकद मिळून चोवीस. आता त्या शेजारी शेजारी जोडायच्या, म्हणजे व्होल्ट बाराच राहतात. तेवढ्याच कामाला वीज मात्र दुप्पट वाहते, म्हणून सगळ्या मोठ्या वायरी आणखी जाड घालायच्या. हे मिस्त्री खुर्चीतनं सांगत होते आणि बरोबर सांगत होते. सकाळभर त्यांचं डोकं स्वच्छ होतं. संयोगिताला गाडीखाली पडल्या पडल्या बरं वाटत होतं. मान आखडली होती, पाठीखालची फळी ओली होती, तरी बरं वाटत होतं.

सयाजी मदतीला थांबला होता. पंचविशी ओलांडलेला, घरात त्याची आई चिमणाबाई आणि तो, दोघंच. कमी बोलणारा. ती हात बाहेर काढायची आणि तो पाना द्यायचा.

"वैनी, जरा चहा घ्या की. ओठ निळं पडलं तुमचं."

"वायरीच्या टोकाचं एवढं थिंबल दाबतो आनि येतो," ती गाडीखालनं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आल्टरनेटर बसला. पट्टा ताणून झाला. राहिला होता तो कटआऊट. आल्टरनेटर वीज करत राहतो, आणि बॅटरीचं पोट भरलं की त्याचा हात आखडता घ्यायला लावायचा हे कटआऊटचं काम. हाताच्या पंजाएवढी पत्र्याची डबी, दोन स्क्रूवर बसलेली. मिस्त्रींनी जुन्या सामानातनं ती उचलून संयोगिताकडं दिली.

"लाव."

तिनं डबी फडक्यानं पुसली. पुसल्यावर खाली आकडा दिसला.

"अवं, ह्यो ह्याच गाडीचा जुना हाय. चोवीस लिवलंय ह्याच्यावर."

"मग?"

"आल्टरनेटर बाराचा हाय न्हवं आता? बाराचा कटआऊट आणाय पायजे."

मिस्त्रींनी डबी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. ओळखीच्या गल्लीत शिरावं आणि एकही दार ओळखू येऊ नये, तसं त्यांचं तोंड झालं होतं. मग मानेच्या शिरा फुगल्या.

"कटआऊटला काय बारा आनि काय चोवीस. कटआऊट ह्यो कटआऊट असतोय. लाव म्हनतोय न्हवं."

"पर तुमीच सांगितलं हुतं मला, भरलं का न्हाय ते त्यो आकड्यावरनं..."

पक्कड तिच्या कोपराला लागून खाली चिखलात पडली. कशी फेकली ते तिनं पाहिलं नाही.

"मला शिकवतीस? वाइंडिंग करनारी बाई तू, वाइंडिंग कर. मिस्त्री झाली म्हनं."

सयाजी केबिनमध्ये बसून काच पुसत होता. तो पुसतच राहिला, खाली बघितलं नाही. रस्त्याकडेला हंबीरराव फोनवर बोलत होते. त्यांनी फोनवर हात ठेवून इकडं पाहिलं आणि हसले. "मिस्त्रीचा आवाज अजून खणखणीत हाय बघा."

संयोगिता कोपर दाबून उभी राहिली. राग आला होता. बोलणारच होती. तेवढ्यात तिला दिसलं की नवऱ्याचा खालचा ओठ थरथरतोय. त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं. आणि तिलाही क्षणभर वाटलं, मला जे येतं ते ह्यांनीच दिलेलं, मग माझं खरं का ह्यांचं? वाटलं ते क्षणभरच. आकडा समोर होता.

तिनं डबी घेतली आणि दोन स्क्रू आवळले.

गाडी सुरू केली तेव्हा दिवे लागले ते असे, की पावसातनं समोरच्या चिंचेचं पान न् पान दिसलं. हंबीरराव खूश झाले.

"काय लाइट पडली! चोवीसवरबी असली नव्हती."

संयोगिता त्या दिव्यांकडं बघत होती. बाराच्या बल्बनं असं पांढरं जळायला नको होतं.

पण गाडी त्या दिवशी जायची नव्हती. हॉर्न बसवायचा राहिला होता, बाराचा हॉर्न जवळ नव्हता. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी न्यायची ठरली. घरी जाताना संयोगितानं मनात सगळं जुळवलं. सकाळी कोल्हापूर गाठायचं. शाहूपुरीतनं हॉर्न आणायचा आणि गुपचूप बाराचा कटआऊटही आणायचा. जेवून मिस्त्रींचा डोळा लागला की दोन स्क्रू काढायचे आणि दोन लावायचे. कुणाला काही कळायचं कारण नाही. आजवर तिनं असंच निभावलं होतं.

सकाळी निघताना ती म्हणाली, "मी हॉर्न आणाय जातो. हॉर्न बसल्याबिगर गाडी देऊ नगा कुनाला."

"व्हय व्हय," मिस्त्री म्हणाले. दाढी करत होते. प्रसन्न होते.

शाहूपुरीतल्या दुकानदारानं सामान काढून दिलं आणि विचारलं, "मिस्त्री कसं हायत? दिसलं न्हाईत लई दिवसांत."

"बरं हायत. खांद्याचंच तेवढं."

परतीच्या एसटीत बसल्यावर तिनं दुकानात फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर मिस्त्रींनी उचलला.

"गाडी हाय न्हवं दारात?"

"कुठली गाडी?"

"रणगाडा. हंबीररावांचा."

"आं... ती व्हय. नेली की. सकाळीच आलं हुतं हंबीरराव, ट्रॉल्या अडकल्यात म्हनून. काम झालं हुतं, चावी दिली."

एसटीच्या खिडकीचा पत्रा वाजत होता. तिनं लगेच हंबीररावांना फोन लावला.

"संयोगिता बोलतोय. हंबीरराव, गाडी जरा हुभी करा. काम ऱ्हायलंय."

"हॉर्नचं व्हय? बसवू की सांच्याला. रानात कुनाला हॉर्न वाजवायचाय?"

"हॉर्नचं न्हाय. कटआऊटचं जरा..."

"कटआऊट मिस्त्रींनी बघितलाय न्हवं? त्यांच्यासमोरच बसवलासा की तुमी."

तो शब्द तिच्या तोंडात आला होता. मिस्त्रींना आता कळत नाही. एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं की संध्याकाळपर्यंत फाट्यावरच्या चहाच्या गाड्यावर ते होणार, उद्या बाजारात होणार, आणि मग तो माणूस खुर्चीत बसेल आणि येणारी-जाणारी त्याच्याकडं बघून मान हलवतील. तिनं गिळलं.

"व्हय, बघितलाय त्यांनी," ती म्हणाली. "तरीबी लई रेस करू नगा म्हनावं सयाजीला."

हंबीरराव हसले. "चिखलातनं ट्रॉली वडायची आनि रेस करू नगा व्हय, वैनी?" आणि फोन बंद झाला.

सयाजीचा नंबर तिच्याकडं होता. तो लावावा असं तिला वाटलं. मग वाटलं, त्याला तरी काय सांगणार, तो मालकालाच विचारणार. त्यापेक्षा फाट्यावर उतरून सरळ रानात जावं. तिनं फोन पिशवीत टाकला.

उतरल्यावर ती धावली नाही एवढंच. चपला चिखलात बसायला लागल्या तशा हातात घेतल्या. रान कुठलं ते विचारत विचारत गेली. पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं, सरींतलं पाणी चमकत होतं. लांबनं रणगाड्याचं इंजिन ऐकू येत होतं. मग ते बंद झालं. तिला बरं वाटलं. उभी केली असेल, असं वाटलं. त्यानंतर एक आवाज झाला, टायर फुटावा तसा, पण त्याहून कोरडा.

ती पोचली तेव्हा बॅटरीच्या पेटीचं झाकण पलीकडच्या सरीत पडलं होतं. सगळीकडं कुजक्या अंड्याचा वास सुटला होता. सयाजी गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही तळवे तोंडावर. कुणीतरी सरीतलं गढूळ पाणी ओंजळीनं त्याच्या तोंडावर मारत होतं.

"ते नगं! प्यायचं पानी आना, प्यायचं," संयोगिता ओरडली आणि त्याच्याशेजारी बसली. तोडणीवाल्या बायकांनी कॅन आणला. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याचे हात बळंच बाजूला केले आणि पाणी ओतत राहिली. तो ओरडत नव्हता. दातांतनं नुसती हवा आत ओढत होता. तिच्या स्वतःच्या बोटांची सोललेली कातडी चरचरायला लागली तेव्हा तिला कळलं, अंगावर किती अॅसिड आहे.

"वास यायला लागला," एक तोडणीवाला सांगत होता. "पेटी तापलीया म्हणाला. इंजिन बंद केलं, झाकण काढलं. वायर ढिली दिसली म्हणून पाना लावला आणि ठिणगी पडली."

बॅटऱ्या सकाळपासून उकळत होत्या. चोवीसचा कटआऊट बॅटरी भरल्याची खूण म्हणून अठ्ठावीस व्होल्ट होण्याची वाट बघत बसला, बाराच्या गाडीत ते कधी होणारच नव्हते, आणि आल्टरनेटर वाढतच राहिला. पोट भरलेल्याच्या ताटात वाढत राहावं तसा. पेटीत वायू कोंडला. हे तिला पाणी ओतता ओतता सगळं दिसत होतं, दुकानातल्या पाटीवर खडूनं काढून दाखवावं तसं.

हंबीररावांच्या जीपमधनं सयाजीला कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं. माणसं रस्त्यापर्यंत मागं गेली. संयोगिता गाडीपाशी एकटी उरली. पिशवीत बाराचा कटआऊट होता. दोन स्क्रू काढायचे, दोन लावायचे, मग बॅटरीच जुनी होती म्हणायला मोकळं. तिनं पिशवीला हात लावला नाही. चपला कुठं टाकल्या ते आठवेना. तशीच घरी आली.

मिस्त्री जेवायला थांबले होते. "हॉर्न मिळाला?" त्यांनी विचारलं.

सयाजीचा उजवा डोळा गेला. डावा वाचला.

दोन दिवसांनी हंबीरराव दुकानात आले, बरोबर गावातली दोन माणसं. त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही. खिशातनं कटआऊट काढून मिस्त्रींच्या समोर टेबलावर ठेवला.

"मिस्त्री, दुसऱ्या वायरमननं काढलाय. ह्यो बघा आनि मला सांगा."

संयोगिता कोपऱ्यात वाइंडिंगच्या स्टँडपाशी होती. तिला वाटलं, आता होणार. आता ते डबी उलटी करतील, सुलटी करतील आणि सगळ्यांना दिसेल.

मिस्त्रींनी चष्मा लावला. डबी उचलली, उजेडाकडं धरली. अंगठ्यानं आकड्यावरची धूळ पुसली. आणि त्यांचं तोंड बदललं. कपाळावरच्या आठ्या गेल्या, डोळे बारीक आणि धारदार झाले. कितीतरी महिन्यांत तिनं हे तोंड पाहिलं नव्हतं.

"ह्यो चोवीसचा हाय," ते म्हणाले. "बाराच्या गाडीला ह्यो लावला? ह्यो अठ्ठावीसला थांबनार. बाराच्या गाडीत अठ्ठावीस कुठनं येनार? मग ह्यो आल्टरनेटरला थांब म्हननारच न्हाय. बॅटरी उकळनार. आधी दिवं पांढरं पडत्यात, मग वास सुटतोय, मग पेटीत वायू भरतोय. तवा तिथं पाना लावायचा नसतोय. एक ठिणगी पुरते." त्यांनी डबी खाली ठेवली. आवाज अगदी शांत, जुना होता. बरोबर आलेली दोन्ही माणसं नकळत पुढं झुकून ऐकत होती. "कुनी लावला ह्यो?"

बाहेर उसाची ट्रॉली गेली, तिच्या टेपचं गाणं ऐकू आलं आणि लांब गेलं.

"मी लावला," संयोगिता म्हणाली.

हंबीररावांनी तिच्याकडं पाहिलं. मग मिस्त्रींकडं. "त्या दिशी तुमी वरडत हुतासा, ते ह्याच्यावरनंच व्हय?"

मिस्त्री आठवायला लागले. आठवेना. पण चोवीसची डबी समोर होती, आणि चोवीसची डबी बाराला लावा असं जोतीराम मिस्त्री कधी म्हणणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"ह्याच्यावरनंच असंल," ते म्हणाले. "लावू नगंस म्हनून सांगितलं असंल मी." ते बायकोकडं वळले. "सांगितलं हुतं का न्हाय तुला?"

संयोगितानं हातातली तार स्टँडवर ठेवली.

"व्हय," ती म्हणाली. "सांगितलं हुतं त्यांनी. मी ऐकलं न्हाय."

"ऐकायला काय धाड भरली हुती तुला?" मिस्त्रींचा आवाज चढला. "पोराचा डोळा गेला. मानसाचा डोळा हाय त्यो, बल्ब न्हवं दुसरा आनून लावाय. एवढी वर्सं शिकवलं ते ह्याच्यासाठी?" ते बोलत राहिले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. प्रत्येक शब्द बरोबर होता. ज्या माणसाशी तिचं लग्न झालं होतं तो माणूस दोन वर्षांनी तिच्याशी बोलत होता, आणि तिला तो थांबू नये असं वाटत होतं.

हंबीरराव उठले. "मिस्त्री, तुमच्यावर राग न्हाय. तुमच्या नावावर गाडी सोडली हुती. बाईमानसाच्या हातात काम दिलं, हितंच चुकलं." दारात जाऊन ते थुंकले. "आता ह्या दुकानात कुनाची गाडी येऊ देनार न्हाय मी."

सयाजीला घरी आणल्यावर ती त्याला बघायला गेली. पिशवीत थोडे तांदूळ आणि केळी घेतली. चिमणाबाईंनी दारात तिला पाहिलं आणि पाट सरकवून दिला. बाई वाकलेली, हातांवर भांगलणीच्या जुन्या वणांची जाळी. चुलीवर चहा ठेवला.

सयाजी भिंतीला टेकून बसला होता. अर्ध्या तोंडावर पट्टी, गालावरची कातडी भाजलेल्या पापडासारखी. उघड्या डोळ्यानं तो तिच्याकडं बघत राहिला.

"दुखतंय का लई?" तिनं विचारलं.

"आता कमी हाय."

त्यानं पट्टीची कड बोटानं चाचपली. मग तो म्हणाला, "हंबीरराव म्हनत हुतं, मिस्त्रींनी नगं म्हटलं आनि तुमी लावला."

"व्हय."

"वैनी, मी केबिनमदी हुतो. मी ऐकलंय. तुमी चोवीसचा हाय म्हनालासा. त्यांनीच लाव म्हटलं."

चिमणाबाईंचा चहा ओतणारा हात थांबला.

"मी कुनाला सांगनार न्हाय," सयाजी म्हणाला. "सांगून डोळा येत न्हाय. मला एवढंच सांगा. तुमास्नी ठावं हुतं. मग मला का सांगितलं न्हाईसा? मालकाला नसतं सांगितलं तरी चाललं असतं. मला एक फोन करायचा. पेटी उघडू नगंस, एवढंच म्हनायचं."

तिनं तोंड उघडलं. सांगायला पुष्कळ होतं, स्टेशन, बेअरिंग, तळहातावरचा स्क्रू, थरथरणारा ओठ. त्याच्या पट्टीपुढं त्यातलं काही बाहेर येईना.

"वाटलं, मी पोचतो," ती म्हणाली.

सयाजीनं तोंड भिंतीकडं वळवलं. चिमणाबाईंनी ओतलेला चहा परत पातेल्यात ओतला. संयोगिता उठून बाहेर पडली तेव्हा त्या मागनं आल्या आणि तांदळाची पिशवी उंबऱ्याबाहेर तिच्या पायाशी ठेवून आत गेल्या.

दुकान तसं बंद असं केलं नाही. माणसंच यायची थांबली. मग संयोगिता वडगावच्या एका गॅरेजसाठी घरात बसून आर्मेचर भरायला लागली. तेजस्वी येऊन वडिलांना कोल्हापूरला घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि हे आता वाढत जाईल म्हणून सांगितलं. ते वाढत गेलं. वायरींचे रंग गेले, गावांची नावं गेली, एक दिवस तेजस्वीचं नाव गेलं. एक गोष्ट तेवढी राहिली. ती कशी राहिली कोण जाणे. मिस्त्री सोप्यात खुर्ची टाकून बसायचे आणि वाटेनं जाणाऱ्याला हाक मारायचे.

"पावणं, बसा की. गाड्यांचं काम करता काय? बाराच्या गाडीला चोवीसचा कटआऊट कधी लावू नगा. ह्या बाईनं लावला. मी नगं म्हनत हुतो. एका पोराचा डोळा गेला."

पाहुणा आत संयोगिताकडं बघायचा. ती तारेवरची नजर न काढता म्हणायची, "व्हय. चुकलं माझं."

उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा सयाजी त्या वाटेनं आला. आता तो गाडी चालवत नव्हता. सायकलीला वैरणीचा भारा बांधून ढकलत चालला होता, मान उजवीकडं जरा वळवलेली, म्हणजे डाव्या डोळ्याला रस्ता दिसावा. मिस्त्रींनी हाक मारली.

"ए पोरा, थांब जरा. दमलास. पानी पी."

सयाजी थांबला. मिस्त्रींनी पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यानं एका हातात घेतला. संयोगितानं आतनं पाहिलं आणि तिचे हात जागच्या जागी राहिले.

"ऐक, तुला एक सांगतो," मिस्त्री म्हणाले. आणि त्यांनी सांगितलं, पहिल्यापासून. चोवीस कुठं थांबतो, बारात काय होतं, दिवे कसे पांढरे पडतात, वास कसा सुटतो. पोरानं पाना लावला. बाईनं ऐकलं नव्हतं. सयाजी सायकलीचं हँडल धरून उभा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. एकदा त्यानं दारातनं आत बघितलं, तिच्याकडं. ती वाट बघत होती. त्यानं आता बोलावं, मोठ्यानं बोलावं, गल्लीला ऐकू जावं, असं तिला अगदी आतनं वाटलं.

"व्हय मिस्त्री," तो म्हणाला. "ऐकलंय मी."

त्यानं पाण्याचा तांब्या कट्ट्यावर ठेवला, भारा एका हातानं सावरला आणि सायकल ढकलत निघून गेला.

मिस्त्री त्याच्या पाठीकडं बघत राहिले. मग आत वळून म्हणाले, "गुनाचं पोरगं दिसतंय. कुनाचं म्हनायचं गं?"

"चिमणाबाईचं."

"आनि त्याच्या डोळ्याला काय झालंय?"

संयोगिताच्या बोटांतनं तार सुटली होती. किती वेढे झाले होते ते तिला आठवेना. तिनं भरलेलं सगळं उलगडायला घेतलं.

"माझ्या हातनं झालंय," ती म्हणाली.